कॅलेंडरचा दुसरा पंधरवडा

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा.

आजपासून वर्षावास. म्हणजे आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात मी ग्रंथ वाचणार आणि वस्तीतल्या बायका ऐकणार. पुरुष बाहेर ओट्यावर बसून देशाचं कसं होणार ते ठरवणार. बरीच वर्षं हे चाललंय. चिखलीच्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवतो, तिथे पहिल्या बाकावरचाही ऐकत नाही. त्यामुळे वर्षातून तीन महिने मला ऐकणारी माणसं मिळतात, याचा मला मोठा लोभ आहे.

सकाळपासून विहारातच होतो. पताका, सतरंज्या, माइकवाल्याची मनधरणी. या धांदलीत सकाळची बीपीची गोळी राहिली. उपोसथ म्हणून दुपारी बारानंतर काही खाल्लं नाही. वर्षभर मी असलं काही पाळत नाही, पण पांढरे कपडे घालून सोजराबाईंच्या देखत कचोरी खाण्याची हिंमत अजून कोणात नाही. वाचन चांगलं झालं. सोजराबाई म्हणाल्या, "सर, आज आवाज खनखनीत लागला." ऐंशीच्या घरातली ही बाई कुणाची स्तुती करत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सुवर्णा मलकापूरला गेलीय. तिच्या बहिणीचं, बेबीताईचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. रविवारी येईल. खरं सांगायचं तर घर शांत वाटतंय. ही बाई कैक वर्षांपासून मला सलग झोपू देत नाही. चांगली झोप लागली की कोपरानं ढोसते. "आवो, कुशीवर व्हा." मी कुशीवर होतो. पुन्हा उताणा झालो की पुन्हा ढोसणं. आज मात्र पलंग माझा, उताणं झोपणंही माझं.

सकाळची राहिलेली गोळी आणि रात्रीची, दोन्ही आत्ताच घेतल्या. बाकी काही ठेवायची सवय नाही मला.

११ जुलै, शुक्रवार.

मेल्यासारखा झोपलो. कोणी ढोसलं नाही. उठलो तेव्हा ऊन खिडकीतून पार पलंगापर्यंत आलं होतं आणि डोकं जड होतं.

चष्मा घातला तर डावी काच खालून मळलेली. पुसली. पुन्हा पुसली. चष्मा काढला तरी मळ तसाच.

समोरच्या खोलीत पतसंस्थेचं कॅलेंडर आहे. उजवा डोळा झाकून त्याच्याकडे पाहिलं. वरच्या चित्रातली बाई, पतसंस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, जुलैच्या सुरुवातीच्या तारखा, सगळं जागच्या जागी. मधल्या ओळीखाली मात्र राख. कोणीतरी ओली राख फासावी तसा महिन्याचा दुसरा पंधरवडा गायब. नोकरदाराला तो तसाही धड दिसत नाही, असा विनोद सुचला. कोणाला सांगायला घरात कोणी नव्हतं.

दुखत काहीच नाही. लाल नाही, पाणी नाही, टोचत नाही. दुखत नाही म्हणजे फारसं काही नसावं. चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं भिंग बदलून बदलून पाहिली आणि म्हणाला, "सर, हे नंबराचं काम नाई. तुमी बुलढान्याले जा." धंदा सोडून देणारा दुकानदार पाहिला की मला भीती वाटते.

संध्याकाळी डावा डोळा मिटून वाचलं. कोणाला कळलं नाही. सुवर्णाचा फोन आला. बेबीताई बरी आहे म्हणाली. मीही बरा आहे म्हणालो.

१२ जुलै, शनिवार.

बुलढाण्याला जाऊन आलो. एसटीतून उतरताना शेवटची पायरी सापडेना. पाय हवेतच चाचपडत राहिला. मागचा म्हणाला, "काका, काऊन थांबले? उतरा ना." पायऱ्या खालच्या बाजूला असतात, हे यापूर्वी कधी लक्षात घ्यावं लागलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलणं थोडं आणि नीट. थेंब टाकून आत पाहिलं. मग एका यंत्रापुढे बसवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. काही ठिपके मी अंदाजानं दाबले. आतून आवाज आला, "सर, अंदाज नको. दिसेल तेवढंच." आयुष्यभर परीक्षेत पोरांवर पाळत ठेवणाऱ्याची ही गत.

मग पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतलं चित्र दाखवलं. "डोळ्यातून मेंदूकडे जाणारी ही नस. हिच्या तोंडाशी रक्ताचा पुरवठा कमी पडला. झोपेत झालं असणार, बहुतेकांचं झोपेतच होतं. नस सुजली आणि तिचा काही भाग गेला." त्यांनी उजव्या डोळ्याचंही चित्र लावलं. "काहींची ही जागा जन्मतःच चिंचोळी असते. तुमची दोन्हीकडे तशी आहे. जागा अरुंद, त्यात सूज आली की आतलं सगळं दाटतं." मला आमची बाजारगल्ली आठवली. बैलगाडी आडवी पडली की पलीकडच्या माणसाला औषध न्यायलाही वाट उरत नाही.

"बरं कधी होईल?"

"गेलेलं परत येईल असं सांगणार नाही. काहींना थोडं येतं. थेंब नाहीत, ऑपरेशन नाही. आपल्याला उजवा सांभाळायचाय. पाच वर्षांत सात-आठातल्या एखाद्याचा दुसराही असाच जातो."

नंतर प्रश्न. बीपी? आहे. साखर? काठावर. (रिपोर्टात काठ ओलांडलेला निघाला.) तंबाखू? कधीमधी खर्रा. त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं, पुढचं लिहिलं. चावताना जबडा दुखतो का, टाळू दुखते का? नाही. तरी रक्त काढलं, दुसरा एक वाईट आजार नाही ना पाहायला. तो नाही. बीपीची गोळी कधी घेता? "एक सकाळी, एक झोपताना." तर त्या म्हणाल्या, झोपेत रक्तदाब आधीच उतरतो, त्यात झोपताना गोळी घेतली की काही जणांचा जास्तच उतरतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या, मनानं बंद मात्र करू नका. परवा दोन एकदम घेतल्या होत्या, तेही उपाशी, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

"घोरता का?"

"मी स्वतः कधी ऐकलेलं नाही."

साप्ताहिकात मी दर आठवड्याला चिमटे काढणारं सदर लिहितो. असल्या उत्तरावर माणसं हमखास हसतात. बाई हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या," म्हणाल्या.

१३ जुलै, रविवार.

सुवर्णा आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर फोनवर का नाही सांगितलं म्हणून भांडेल. तिनं एकच विचारलं, "कोन्या रात्री झालं?"

"पौर्णिमेच्या. तू गेलीस त्याच दिवशी."

पिशवी खाली ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. बातमी पचवायला प्रत्येकाची आपापली रीत असते. मी वाचनाची तयारी करत बसलो.

२० जुलै, रविवार.

रोज सकाळी उठल्या उठल्या डावा डोळा झाकतो आणि उजव्यानं कॅलेंडर पाहतो. खालच्या ओळीपर्यंत तारखा दिसल्या की मगच तोंड धुतो. झोपेचं आता भय वाटतं. झोपताना दोन्ही डोळ्यांनी खोली एकदा पाहून घेतो, प्रवासाला निघताना कुलूप ओढून पाहावं तशी.

उजवाही असाच गेला तर? पेपर तपासणं गेलं, सदर गेलं. त्याचं फार वाटणार नाही, वाचकांनाही वाटणार नाही. विहारातलं वाचन गेलं तर मात्र मी कोण उरतो, हे मला माहीत नाही.

सुवर्णा अजब वागते. पलंगावर झोपायचं सोडलंय. पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसते. का विचारलं तर म्हणते, "आडवं झालं का पाठ दुखते." आणि ढोसणं दुप्पट झालंय. रात्रभर तिचं कोपर, दिवसा माझी जांभई.

हे मी सोसलं असतं. पण आज विहारात ती पहिल्या रांगेत बसून झोपली. डुलकी नव्हे, हनुवटी छातीवर टेकवून सरळ झोपली. एका डोळ्यानं वाचतोय, कपाळ ठणकतंय, आणि अख्ख्या विहारात माझ्या वाचनावर झोपणारी एकच बाई, तीही घरची! त्या रागात माझी एक ओळ सुटली. सोजराबाईंनी तिथेच हात वर केला. "सर, ओळ खाल्ली तुमी." मी मागे जाऊन वाचली. शेवटी सगळ्या "साधू, साधू, साधू" म्हणाल्या तेव्हा सुवर्णा दचकून जागी झाली आणि सगळ्यांच्या नंतर एकटीच "साधू" म्हणाली. बायका हसल्या. मी हसलो नाही.

घरी येताना म्हणालो, "झोपायचं असेल तर घरी झोपत जा."

ती म्हणाली, "हाव."

२८ जुलै, सोमवार.

सुवर्णाला घेऊन बुलढाण्याला. डावा होता तिथेच आहे. उजवा ठीक.

डॉक्टरीणबाईंनी सगळे प्रश्न पुन्हा विचारले, या वेळी तिला. मध्येच मला म्हणाल्या, "आणखी एक विचारावं लागतं, राग मानू नका. संबंधांसाठी बाजारात गोळ्या मिळतात, त्यातल्या काही घेता का?" मी नाही म्हणायच्या आत सुवर्णानं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. संसाराचं इतकं स्पष्ट प्रगतिपुस्तक आजवर कोणी मांडलं नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, "हे घोरतात?"

सुवर्णाचं हसू गेलं. "घोरतात त्याचं काई नाई मॅडम. घोरून राह्यले तं मले बरं वाटते. घोरनं बंद होते ना, तवा भेव वाटते."

"बंद होतं म्हणजे?"

"श्वासच बंद होते. छाती हालत नाई. मंग मी ढोसते. मंग मोठ्ठा हिसका बसते अन् सुरू होते. थोड्या टायमानं पुन्हा बंद."

"किती दिवसांपासून?"

"समता धाव्वीत होती तवापासून."

आमची मुलगी समता आता पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत.

बाईंनी लिहायचं थांबवलं. झोपेत असा श्वास अडकला की रक्तातला प्राणवायू उतरतो, दाब वरखाली होतो, आणि आधीच चिंचोळ्या जागी असलेल्या नसेला ते झेपत नाही, असं त्यांनी समजावलं. हेच एक कारण असं सांगता येत नाही, म्हणाल्या. साखर, दाब, तंबाखू, नसेची ठेवण, सगळी मिळून असतात. पण झोपेची तपासणी लगेच करा.

परतीच्या गाडीत सुवर्णा खिडकीशी बसली होती. बाहेर पाहतच म्हणाली, "मी मलकापूरले गेली नसती तं तुमचा डोया वाचला असता."

अशा वेळी मी जे करतो तेच केलं. म्हणालो, "तू काय रात्रपाळीचा वॉचमन आहेस का?"

तिनं खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. मला वाटलं, विनोद तिला आवडला नाही.

नंतर पाहिलं तर ती खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपली होती. खड्ड्यात गाडी आदळली की डोकं दांडीवर आपटत होतं, तरी जागी होत नव्हती. मी माझा रुमाल घडी करून मध्ये धरला. चिखली येईपर्यंत हात अवघडला.

५ ऑगस्ट, मंगळवार.

अकोल्याहून एक यंत्र आणून रात्रभर बोटाला, छातीला, नाकाला लावलं होतं. निकाल आला. श्वास किती वेळा अडकतो तो आकडा मी इथे लिहीत नाही. बीपीच्या गोळ्या देणारे आमचे फिजिशियन म्हणाले, "वजन उतरवा, खर्रा बंद, गोळ्या मी बदलून देतो. आणि झोपताना मशीन लावायचं. आजपासून."

मशीन म्हणजे उशाशी एक डबा, त्यातून नळी, आणि नाकावर मास्क. हवा दाबानं आत सोडतो, घसा मिटू देत नाही.

हे यंत्र मी ओळखतो. माझा बालमित्र चंद्रशेखर पतसंस्थेतून निवृत्त झाला तेव्हापासून लावतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर मी अख्खं सदर लिहिलं होतं. "कपाशीवर फवारणी करायला माणूस तोंडाला फडकं बांधतो, आमचे मॅनेजर पंप लावून झोपतात. बोंडअळी कुठे आहे ते वहिनींनाच ठाऊक." अख्खं चिखली हसलं. चंद्रशेखरला अजून बाजारात लोक "पंपवाले" म्हणून हाक मारतात.

आता तोच पंप मी लावू? फिजिशियनना म्हणालो, विचार करून सांगतो. घरी आल्यावर सुवर्णानं खुर्चीवर एक उशी ठेवली.

९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा.

समताचा फोन. "बाबा, मशीन का नाही घेतलं अजून?"

"विचार चाललाय."

"कसला? डोळा एक उरलाय तुमचा. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

पुण्यात राहिल्यापासून पोरगी भांडतेही शुद्ध. मी म्हणालो, वजन उतरलं की कदाचित गरजच पडणार नाही. म्हणाली, "आईशी बोलताना आवाज कसा येतो तिचा, ऐकलाय का तुम्ही? फोनवर बोलता बोलता झोपते ती." मी म्हणालो, तुझी आई माझ्या वाचनातही झोपते, तुझं बोलणं काय विशेष. समतानं फोन ठेवला.

खर्रा मात्र सोडलाय. चार दिवस झाले. त्यामुळे स्वभाव आणखी सुधारलाय, असं कोणी अजून म्हटलेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

कॉलेजातून आलो तर घरभर करपट वास. गॅसवर तवा लाल झालेला, भाकरीचा कोळसा. सुवर्णा ओट्याला टेकून उभी. उभ्या उभ्या झोपलेली. उजवा पंजा तव्याच्या कडेला टेकलेला. मी हाक मारली तेव्हा ती जागी झाली. हात भाजतोय, हे तिला त्यानंतर कळलं.

गॅस बंद केला. हात नळाखाली धरला. तळवा पांढरा पडून वर फुगत होता.

"वाफ लागली," ती म्हणाली.

"वाफ नाही ते."

"आवो, काई नाई. झोप लागून गेली जराशी. रात्री तुमचं लय बंद होऊन राह्यलं होतं."

नळ चालू होता. मी तिचा हात धरून उभा होतो आणि पहिल्यांदा हिशेब लागला. तिच्या कोपराचा, खुर्चीचा, विहारातल्या झोपेचा. समता दहावीत असल्यापासून ही बाई सलग झोपलेली नाही. मला झोपू देत नाही म्हणून मी जिची तक्रार या वहीत करत आलो, तिनं मला नुसतं झोपूच दिलं नव्हतं, जिवंतही ठेवलं होतं. आणि ज्या रात्री ती नव्हती, त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो, असं मीच लिहून ठेवलंय.

मग मी तिला सांगितलं. "तू मलकापूरला गेल्यानं नाही झालं ते. त्या दिवशी सकाळची गोळी राहिली होती. मी रात्री दोन एकदम घेतल्या. दुपारपासून उपाशी होतो."

मला वाटलं, ऐकून तिला हलकं वाटेल.

"दोन गोया?" ती म्हणाली. "उपाशी पोटी? दोन?"

"हो."

"डॉक्टरले सांगतलं?"

"नाही."

"अन् मले?" तिनं हात माझ्या हातातून ओढून घेतला. "मी महिनाभर त्या खुर्चीत बसून राह्यली. मलकापूरले काऊन गेली, काऊन गेली, म्हनून सोताले मारून राह्यली. अन् तुमी वहीत लिहून राह्यले! लोकायच्या चुका बराबर दिसतात तुमाले, दोन-दोन पानं लिहिता. हे एक वाक्य सांगता नाई आलं?"

इतकं सलग ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. मी काही विनोद केला नाही. सुचलाही नाही. भाजलेल्या हाताला मलम लावून दिलं. तिनं लावू दिलं, पण तोंड दुसरीकडे ठेवून.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदन करून परस्पर चंद्रशेखरच्या घरी गेलो. तो ओट्यावर मेथी निवडत बसला होता. चष्म्यावरून पाहिलं.

"या संपादक. आज कोनावर हाय सदर?"

"मशीन कसं लावतात ते विचारायला आलो."

त्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग डाव्या डोळ्याकडे.

"बोंडअळी पडली का बे?"

"पडली."

"डोयाचं आयकलं म्या. येनार होतो, पन मंग म्हटलं याच्या दारी जावं तं हा पुन्हा छापायचा." तो उठला. आतून त्याचा डबा घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेला, देवघरातल्या वस्तूसारखा पुसलेला. "हे पाह्य. मास्क नाकावर असा बसवायचा. पट्टा लय आवळायचा नाई, गालाले वळ पडते. तोंड बंद ठेवायचं. तुले ते जमनार नाई, पन ठेवायचं."

"त्या सदराबद्दल..."

"चूप बस ना बे. मास्क लावल्यावर बोलता येत नाई, हेच तं त्याच्यात चांगलं हाय."

त्याची बायको चहा घेऊन आली, तिला आधी काही कळेना, मग कळलं आणि ती पदराआड तोंड करून आत पळाली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मी चहा प्यालो. ते माझं देणं होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार.

परवा अकोल्याहून मशीन आलं. आधी फिजिशियनना फोन करून दोन गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं बरेच जण करतात. राहिली तर राहिली, दुप्पट घेऊन भरपाई करायची नसते." बुलढाण्याच्या बाईंनाही कळवलं.

पहिली रात्र वाईट गेली. हवा नाकात शिरते तेव्हा मोटारसायकलवर तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटतं. मास्क दोनदा काढून फेकला. दोन्ही वेळा सुवर्णानं खुर्चीतून उठून पुन्हा बसवला. डाव्या हातानं, कारण उजव्याला पट्टी आहे.

ती अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. पट्टा कितपत आवळायचा, एवढंच विचारते.

२५ ऑगस्ट, सोमवार.

मास्क आता बराच वेळ टिकतो. सकाळी डोकं जड नसतं. डोकं इतकं हलकं असू शकतं हे मी विसरून गेलो होतो.

सुवर्णा मात्र खुर्ची सोडत नाही. मी म्हणालो, आता कशाला? म्हणाली, "आवाजच येत नाई तुमचा. नुसतं सुं सुं. जिवंत हाय का नाई काई समजत नाई." इतकी वर्षं आवाजानं तिला जागं ठेवलं, आता शांततेनं. छाती हलते की नाही ते बघत बसते.

काल मी तिचा डावा हात घेतला आणि माझ्या छातीवर ठेवला. म्हणालो, इथे ठेवून झोप. हलली नाही तर तुला कळेल. सकाळी उठलो तेव्हा ती खुर्चीतच होती, पण हात छातीवर होता.

३१ ऑगस्ट, रविवार.

संध्याकाळी विहारात सुवर्णा पहिल्या रांगेत बसली. मी मुद्दाम तिकडे पाहत नव्हतो. डावा डोळा मिटून, ओळीखाली बोट ठेवून वाचत गेलो. मध्ये एकदा नजर गेली तर ती सरळ बसलेली, डोळे उघडे, माझ्याकडे पाहत. शेवटी सगळ्यांबरोबर "साधू" म्हणाली. सोजराबाईंनी एकदाही हात वर केला नाही.

घरी येताना विचारलं, "कसं झालं?"

थोडं चालून ती म्हणाली, "इतक्या वर्सांत आज पयल्यांदा पुरं आयकलं. लय लांबवता तुमी."

वाटेत विहिरीच्या कठड्याशी पायरी आहे, तिथे मला खालचं दिसत नाही. तिनं न विचारता माझं कोपर धरलं, पायरी उतरवली आणि सोडलं.

आता लिहायला बसलोय. मघाशी वही उघडताना ध्यानात आलं की आज सकाळी कॅलेंडर पाहायचं राहिलं. इतक्या दिवसांत असं पहिल्यांदाच झालं. सकाळी जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. सुवर्णा पलंगावर होती, माझ्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. पट्टीचा हात उशीखाली. ऊन पलंगावर आलं, दूधवाला हाक मारून गेला, तरी तिला जाग नव्हती. ती बारीक घोरत होती. मी मास्क काढला नाही. काढला तर यंत्र वाजतं. तसाच पडून तिच्या पाठीकडे पाहत राहिलो, दोन्ही डोळ्यांनी, जितकी दिसली तितकी.